नकार आधी, नाव नंतर

ताई, मी मूळची दापोली तालुक्यातली, कोकणी मुसलमान. मराठी शाळेत शिकले, आता नवऱ्यासोबत शारजाला असते. माझी आत्या १९८९ मध्ये लग्न होऊन कराचीला गेली. तिची मुलगी २४ वर्षांची आहे, कराचीतच एका बँकेत नोकरी करते. ती १७ वर्षांची असताना तिच्या सख्ख्या काकांच्या मुलाशी तिची बात पक्की झाली. तो मस्कतला असतो. बकरी ईदनंतर निकाह करायचं घाटतंय. पण तिचं दोन वर्षांपासून बँकेतल्याच एका मुलावर प्रेम आहे. मुलगा सिंधमधल्या हैदराबादचा, सिंधी, सुन्नी, शिकलेला, पण आमच्या जमातीबाहेरचा. हे फक्त मला माहीत आहे. आत्या रोज फोन करते, "ती हल्ली गप्प गप्प असते, तुझं ऐकते, तू समजाव." आणि बहीण रात्री मेसेज करते, "मला तुझ्याकडे बोलावून घे, तोही येईल, आम्ही तिथेच निकाह करू." दोघी माझ्याच. आत्याला फसवतेय असं वाटतं आणि बहिणीला वाऱ्यावर सोडतेय असंही वाटतं. शिवाय त्याच काकांची मुलगी माझ्या आतेभावाला द्यायची ठरली आहे, दोन्ही लग्नं एकत्रच होणार आहेत. मी काय करू?
— एक वाचक, शारजा

प्रिय मैत्रिणी,

बाकी सगळं बाजूला ठेव आणि आज रात्री बहिणीला फोन कर. मेसेज नको, फोनच कर. ती एकटी असेल तेव्हा तिला सरळ विचार, "तुला घरात जिवाची भीती वाटते का? हे कळलं तर कोण हात उगारेल? अब्बा? भाऊ? काका?" हा प्रश्न विचारायला आपल्याला संकोच वाटतो, कारण ती आपलीच माणसं असतात. तरीही विचार. पाकिस्तानात इज्जतीच्या नावाखाली दरवर्षी शेकडो माणसं मारली जातात, त्यात बहुतेक बायका असतात, आणि मारणारे बहुतेक वेळा घरचेच असतात. २०१६ च्या जुलैमध्ये मुलतानला सोशल मीडियावर गाजलेल्या कंदील बलोचचा तिच्या घरातच खून झाला, तेव्हा सगळा देश हादरला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये संसदेने कायदा बदलला. इज्जतीच्या नावाने खून झाला असेल तर घरच्यांनी माफ केलं तरी जन्मठेप सुटू नये, अशी तरतूद केली. पण त्याच खटल्यात शिक्षा झालेला तिचा भाऊ २०२२ मध्ये अपिलात सुटला. म्हणून कायदा आहे एवढ्यावर मी कुणा मुलीला निर्धास्त राहा असं सांगणार नाही.

तुझ्या पत्रातून जे घर दिसतं ते मला तसं वाटत नाही. मुलीला शिकवलं, बँकेत नोकरी करू दिली, ती गप्प झाली तर आई कासावीस होते. पण आपला अंदाज काय कामाचा, घरात राहते ती. ती जे सांगेल ते खरं मानायचं. ती "हो, भीती वाटते" म्हणाली तर माझा पुढचा सगळा सल्ला सोडून दे. तेव्हा समजूत घालणं, मोठ्यांना मध्ये घेणं, काही नाही. आधी तिचं घराबाहेर सुरक्षित पडणं. तिथल्या मानवी हक्क मंत्रालयाची १०९९ ही हेल्पलाइन आहे. कराचीत 'पनाह' नावाचं स्त्रियांचं निवारागृह आहे, सरकारी दारुल अमानही आहे. शनाख्ती कार्ड, पासपोर्ट, पदवीची कागदपत्रं यांच्या नकला तिने आजच तुझ्याकडे पाठवून ठेवाव्यात, उत्तर काहीही असो.

ती "नाही, मारणार नाहीत, पण आकांडतांडव होईल" असं म्हणाली, तर पुढचं वाच. मला वाटतं ती हेच म्हणेल.

तुम्ही दोघींनी मिळून दोन वेगळ्या गोष्टींची एकच मोट बांधली आहे. एक गोष्ट अशी की तिला चुलतभावाशी लग्न करायचं नाही. दुसरी अशी की तिला त्या हैदराबादच्या मुलाशी करायचं आहे. पहिली गोष्ट दुसरीवाचूनही खरी आहे का? हे तिला विचार. उद्या तो मुलगा बदली होऊन इस्लामाबादला गेला आणि तिकडेच रमला, तरी ती चुलतभावाला नाहीच म्हणेल का? पत्रावरून मला वाटतं की म्हणेल. सतराव्या वर्षी तिला कुणी विचारलं नव्हतं, आणि तेव्हा विचारलं असतं तरी त्या उत्तराला किती अर्थ होता? तसं असेल तर तिने हा नकार एकटा, स्वतःच्या पायावर उभा करायला हवा. त्या मुलाचं नाव त्यात येता कामा नये.

याचं कारण तुला ठाऊकच असेल, तरी लिहिते. मुलीच्या तोंडून एकदा मुलाचं नाव निघालं की चर्चेचा विषयच बदलतो. मग चुलतभाऊ तिला का नको हे कुणी ऐकत नाही. कोण आहे तो, कधीपासून, कुठे भेटता, कोणी पाहिलं, एवढंच उरतं. फोन काढून घेतला जातो, बँकेतली नोकरी "आता पुरे" होते, आणि बकरी ईदनंतरचा निकाह पुढच्या जुम्म्यावर येतो. नकाराला चक्कर हे नाव पडतं आणि त्या नावाखाली तिचं सगळं म्हणणं गाडलं जातं. म्हणून नकार आधी, नाव नंतर. मध्ये काही महिने गेले तरी चालतील. यात खोटं काही नाही. चुलतभावाशी लग्न न करण्याची कारणं तिच्याकडे खरीच आहेत, तिने ती सांगायची आहेत.

हे लपूनछपून प्रेम करणं तिच्या एकटीच्या वाट्याला आलेलं नाही. कराची, लाहोर, फैसलाबादच्या हजारो मुली कॉलेजातल्या किंवा ऑफिसातल्या मुलाचा नंबर मैत्रिणीच्या नावाने जपून ठेवतात. इस्लामाबादच्या हायकोर्टाने २०१७ मध्ये व्हॅलेंटाइन डे सार्वजनिक ठिकाणी साजरा करायला बंदी घातली. २०१९ मध्ये फैसलाबादच्या कृषी विद्यापीठाने त्याच दिवशी 'सिस्टर्स डे' पाळायचं ठरवलं. २०२० मध्ये टिंडर बंद झालं. म्हणून मुलामुलींनी एकमेकांना आवडून घेणं थांबलं का? ते फक्त अंधारात गेलं, आणि अंधारात मुलींचंच जास्त नुकसान होतं. त्यांचे फोटो, त्यांचे मेसेज यांचा धाक घालणारे निघतात. तुझ्या बहिणीवर तसली वेळ आली तर तिथल्या 'डिजिटल राइट्स फाउंडेशन'ची ०८००-३९३९३ ही हेल्पलाइन आहे, हे तिच्या कानावर घालून ठेव.

आता तुझ्या पत्रातल्या शेवटच्या ओळीकडे येते. तू ती जाता जाता लिहिली आहेस, पण माझ्या मते सगळी गाठ तिथेच आहे. काकांची मुलगी तुझ्या आतेभावाला द्यायची आहे. म्हणजे हा वट्टा-सट्टा आहे, घरात कुणी तो शब्द वापरत नसलं तरी. पंजाब आणि सिंधच्या खेड्यापाड्यांत याची रीत जुनी आहे. एका घराने मुलगी दिली की दुसऱ्याने द्यायची, आणि एक जोडपं मोडलं की दुसऱ्यावर त्याचा सूड निघतो. कराचीतल्या शिकलेल्या घरात सूडापर्यंत जाणार नाही, पण तिने नकार दिला की भावाचं लग्न डळमळीत होणार हे नक्की. तिला हे कळत नसेल का? मला वाटतं ती याच भीतीने गप्प गप्प आहे. आईला वाटतंय मुलगी लग्नाच्या विचाराने बावरली आहे, आणि मुलगी भावाचा संसार मोडण्याचं पाप डोक्यावर घेऊन फिरते आहे.

म्हणून घरातला पहिला माणूस गाठायचा तो भाऊ. आई नाही, अब्बा तर नाहीच नाही. त्याला ती मुलगी खरोखर आवडते का, की त्यालाही नुसतं सांगितलं गेलं? आवडत असेल तर बहिणीचं लग्न झालं किंवा न झालं, आपलं लग्न आपल्या जोरावर करायची त्याची तयारी आहे का? तो जर अब्बांना म्हणाला, "माझं लग्न बहिणीच्या लग्नाला बांधू नका," तर अर्धं काम झालं. आणि त्याने हे म्हणायला हवं, कारण त्या घरात त्याच्या शब्दाची किंमत तिच्या शब्दापेक्षा जास्त आहे. हे अन्यायाचं आहे, मला त्याचा राग येतो, पण आज आपल्याला त्या किमतीचा उपयोग करून घ्यायचा आहे. भावाशी तू बोलू शकतेस. तू त्याची मोठी मामेबहीण. बोलताना त्या मुलाचं नाव काढू नकोस. फक्त एवढं म्हण, "तिला हे लग्न नको आहे असं मला वाटतं. तू तिला एकदा एकटीला बसवून विचार."

दुसरा माणूस मस्कतचा. त्याच्याबद्दल कुणीच काही बोलत नाही. तूही पत्रात त्याचं एवढंच लिहिलं आहेस की तो मस्कतला असतो. त्याचीही बात त्याला न विचारताच पक्की झाली असणार. तिकडे त्याच्या मनात कुणी असेल, नसेल, किंवा लहानपणापासून जिला बहीण मानलं तिच्याशी लग्न करायचं त्यालाही जड जात असेल. तुझ्या बहिणीने त्याला एक फोन करावा. त्यातही स्वतःबद्दल काही सांगू नये, फक्त विचारावं, "तुला स्वतःला हे लग्न हवं आहे का?" लिहून काही पाठवू नये. लिहिलेल्याचे फोटो काढून दुसऱ्या दिवशी सगळ्या खानदानात फिरतात. तो "मलाही नको" म्हणाला तर देवाची कृपा, मुलाने नकार दिला की घर फारसं हादरत नाही. तो "हवं आहे" म्हणाला तर निदान तिला कळेल की आपण कुणाला दुखवणार आहोत, आणि ते तिने समोरासमोर, अदबीने सांगावं.

नात्यातली लग्नं तिथे अपवाद नाहीत, नियमच म्हणावा लागेल. पाकिस्तानच्या आरोग्य सर्वेक्षणांत लग्न झालेल्या अर्ध्याहून अधिक बायकांनी नवरा नात्यातला असल्याचं सांगितलं आहे. त्यात सुखी संसार भरपूर आहेत, तुझ्याही ओळखीत असतील. तेव्हा तिने चुलतभावाशी लग्न ही गोष्टच वाईट आहे, असा वाद घालू नये. तो वाद आईवडिलांच्या, आजीआजोबांच्या लग्नावर जाऊन आदळतो आणि सगळे दुखावतात. "मला याच्याशी करायचं नाही," एवढं पुरे.

हे तिला कधी बोलावं लागेल? पत्रिका छापायला जाण्याआधी. निकाहाच्या दिवशी काय होतं ते तू पाहिलेलं आहेस. नवरी आतल्या खोलीत बायकांमध्ये मान खाली घालून बसलेली. वकील, म्हणजे निकाहात नवरीच्या वतीने बोलणारा माणूस, आणि दोन साक्षीदार येतात, अमक्याच्या मुलाशी, इतक्या मेहेरवर (नवऱ्याने बायकोला द्यायची रक्कम), कबूल आहे का विचारतात. कुंवारी मुलगी गप्प राहिली तर ते गप्प राहणंच होकार समजायचं, ही जुनी रीत आहे. कुणीतरी मावशी तिची मान हलवते, कुणीतरी पेन हातात देतं. त्या खोलीत, त्या क्षणी, चाळीस बायकांमध्ये 'नाही' म्हणायची हिंमत मी कुणाही मुलीकडून मागणार नाही. म्हणून तिचं तोंड आधी उघडायला हवं, स्वयंपाकघरात, आईपाशी, साध्या कपड्यांत.

आता कायद्याचं सांगते. तिथला कायदा या बाबतीत तिच्या बाजूने आहे. २०११ पासून पाकिस्तानच्या दंडसंहितेत ४९८-ब कलम आहे. बाईला बळजबरीने लग्न करायला लावणाऱ्याला तीन ते सात वर्षं कैद आणि पाच लाख रुपये दंड होऊ शकतो. हे तिने आईवर उगारायचं नाही, पण तिला माहीत असावं, म्हणजे आपण काही भलतं मागतो आहोत असं तिला वाटणार नाही. आणि सज्ञान मुलीने वडिलांच्या संमतीशिवाय केलेलं लग्न? सायमा वहीदचा खटला तिला वाचायला सांग. १९९६ मध्ये लाहोरच्या या मुलीने स्वतःच्या पसंतीने निकाह केला, वडील कोर्टात गेले. अस्मा जहांगीर तिच्या वकील होत्या, त्यांच्याच 'दस्तक' या निवाऱ्यात ती राहिली. १९९७ मध्ये लाहोर हायकोर्टाने तीनपैकी दोन न्यायाधीशांच्या मताने लग्न वैध ठरवलं आणि २००३ मध्ये सुप्रीम कोर्टाने ते कायम केलं. सज्ञान मुस्लीम स्त्रीला निकाहासाठी वलीची, म्हणजे वडिलांची किंवा तशा पालकाची, संमती असलीच पाहिजे असं नाही, हा तिथला कायदा आहे.

पण तुझ्या घरात एक अडचण आहे, ती लाहोरच्या वकिलाला चटकन लक्षात येणार नाही. तुम्ही कोकणी मुसलमान शाफई. आजूबाजूचे बहुतेक सगळे हनफी. सुन्नींमधल्याच या दोन वेगळ्या विचारधारा. हनफी फिकहात, म्हणजे धर्मशास्त्रात, सज्ञान मुलगी आपला निकाह स्वतः करू शकते, शाफई फिकहात वलीशिवाय निकाह होत नाही. म्हणजे तिने पळून जाऊन निकाह केला तर कोर्ट तो मानेल, आणि तिचे अब्बा, तिची आजी, तुमच्या जमातीतले मौलवी तो मनातून कधीच मानणार नाहीत. त्यांच्या लेखी ती लग्नाशिवाय एका माणसाबरोबर राहणारी ठरेल. हे ओझं आयुष्यभराचं आहे. शाफईंमध्येही यावर वाट आहे: वली सबळ कारणाशिवाय अडवत असेल तर काझी वलीच्या जागी उभा राहू शकतो. तुमच्या जमातीत एखादा समंजस आलीम (धर्माचा जाणकार) असेल, तर पुढे ज्या दिवशी त्या मुलाचा विषय निघेल, त्या दिवशी त्याला मध्ये घेता येईल. अब्बांनी माझं ऐकलं नाही तरी चालेल, दीनाचं ऐकावं, असं म्हणणारी मुलगी अब्बांना उर्मट वाटत नाही.

शारजाला बोलावण्याचं म्हणशील तर जिवाची भीती नसेल तर बोलावू नको. तिची नोकरी जाईल, हातात व्हिजिट व्हिसा, डोक्यावर तुमचं छप्पर. मागे कराचीत तिचे वडील त्या मुलावर ३६५-ब लावू शकतात, लग्नासाठी पळवून नेल्याचं कलम. प्रेमविवाहात ते तिथे सर्रास लावलं जातं. मग मुलीने मॅजिस्ट्रेटपुढे उभं राहून १६४ कलमाखाली जबाब द्यायचा असतो, मी माझ्या मर्जीने आले म्हणून. परदेशात बसून तो जबाब कसा देणार? आणि आत्याचं तुझ्याशी असलेलं नातं कायमचं तुटेल, ज्याची तिला, आत्याला, सगळ्यात जास्त गरज आहे.

त्या मुलाबद्दल मला एकच विचारायचं आहे. दोन वर्षं झाली, त्याच्या आईला हे माहीत आहे का? तिथे मुलगा किती खरा हे त्याच्या मेसेजांवरून कळत नाही, त्याच्या घरचे रिश्ता घेऊन येतात की नाही यावरून कळतं. पळून निकाह करायला तयार असलेला मुलगा स्वतःच्या आईशी बोलायला तयार नसेल, तर त्याचं धाडस फुकटचं आहे. पळून जाण्यात घर तिचं सुटतं, त्याचं नाही. बहिणीने त्याला सांगावं: माझी आधीची बात मोडायला मला काही महिने लागतील, तेवढ्यात तू तुझ्या घरी सांगून ठेव. माझं घर मोकळं झालं की तुझ्या अम्मी-अब्बांनी माझ्या दारात यायचं. तो थांबला आणि बोलला, तर उत्तम. "तुझ्या घरचे कधीच मानणार नाहीत, आत्ताच चल" असं म्हणत राहिला, तर ते ऐकून तिने काय समजायचं ते समजावं. मोठी बहीण म्हणून हे तू तिला सांगायलाच हवंस, तिला राग आला तरी.

आणि आता जे लिहिते ते तिने कुणाशीही लग्न केलं तरी लागू आहे. पाकिस्तानात १९६१ च्या कायद्यापासून निकाहनामा हा सरकारी छापील फॉर्म आहे. त्यातला प्रत्येक रकाना म्हणजे तिचा एकेक हक्क. १३ ते १६ मेहेरचे: किती, त्यातला लगेच किती, नंतर किती, त्याबदली जमीनजुमला दिला का. १७ मध्ये खास अटी लिहिता येतात: ती नोकरी करत राहील, पुढे शिकेल, कुठे राहील. १८ मध्ये विचारलेलं असतं की नवऱ्याने तलाकचा हक्क बायकोला सोपवला आहे का. २१ मध्ये नवऱ्याला आधीची बायको आहे का ते. आणि प्रत्यक्षात काय होतं? निकाह लावणारा काझी घाईत १७ पासून खाली पेनाने एक तिरपी रेघ ओढतो. नवरीने फॉर्म पाहिलेलाच नसतो, तिला फक्त सहीची जागा दाखवतात. कुणी १८ व्या रकान्याबद्दल विचारलंच तर बायका म्हणतात, "शुभ दिवशी तलाकचं काय बोलतेस?" मेहेरचंही तेच. सव्वाबत्तीस रुपये म्हणजे शरई मेहेर, असा एक गैरसमज तिथे घराघरात आहे. शरीयतने असा कुठलाही आकडा ठरवून दिलेला नाही.

त्या १८ व्या रकान्यात 'हो' लिहिलेलं असेल तर संसार असह्य झाल्यावर बाई युनियन कौन्सिलला नोटीस देऊन स्वतः तलाक घेऊ शकते, ९० दिवसांनी तो पक्का होतो, मेहेरवरचा हक्क जात नाही. रेघ ओढलेली असेल तर तिला 'खुला'साठी, म्हणजे बायकोने मागायच्या घटस्फोटासाठी, फॅमिली कोर्टात जावं लागतं, आणि बहुतेक वेळा मेहेर सोडून द्यावं लागतं. मला जास्त काळजी प्रेमविवाहाची वाटते. चुलतभावाशी लग्न करणारीच्या मागे काका, आजी, सगळी जमात उभी असते, नवरा चुकला तर कान धरणारे असतात. घर सोडून आलेलीच्या मागे कुणी नसतं, तिच्याकडे फक्त तो कागद असतो. आणि कोर्टाच्या आवारातल्या घाईच्या निकाहात नेमकी तीच रेघ सगळ्यात आधी ओढली जाते, कारण ज्याच्यावर इतकं प्रेम आहे त्याच्याकडे असला हक्क मागायचा कसा, असं मुलीला वाटतं. मागायचा. खरा असेल तर तो देईल. कराचीत 'लीगल एड सोसायटी' आहे, तिथे फॉर्म समजावून घ्यायला मिळेल.

आत्याबद्दल शेवटी लिहिते आहे, पण पत्र वाचताना माझा जीव तिच्यातच अडकला होता. १९८९ मध्ये दापोलीहून कराचीला गेलेली मुलगी. तेव्हा निदान येणंजाणं होतं. मग भारत-पाकिस्तानमधली थार एक्सप्रेस ही रेल्वे २०१९ मध्ये बंद झाली, २०२५ च्या एप्रिलपासून व्हिसेही बंद. आई गेली तेव्हा तिला येता आलं का, मला माहीत नाही. आली नसेल तर तिने ते कुठे ठेवलं असेल? तिच्या माहेराचं आता तुझा फोन, जमातीतल्या चार घरांतली तांदळाची भाकरी आणि सणाला सांदण, एवढंच उरलं आहे. लेक दिरांच्या घरात दिली म्हणजे ती रोज नजरेसमोर राहील, आपल्यासारखी तुटणार नाही, म्हणून आत्या हे लग्न धरून बसली आहे, असं मला राहून राहून वाटतं. तिला रागाने किंवा कायद्याने समजावता येणार नाही. ती भीती तिच्या तोंडून बाहेर येऊ दे. तिला विचार, "आत्या, तू लग्न करून गेलीस तेव्हा तुला कसं वाटलं होतं?" आणि मग ऐकत बस. सल्ला देऊ नको.

ती पुन्हा "तू तिला समजाव" म्हणाली तर तिला स्पष्ट सांग, "आत्या, मी तिला लग्नाला तयार करणार नाही. ती तुझ्याशी बोलेल, तेव्हा तू ओरडू नकोस, एवढं मी तुझ्याकडे मागते." यात फसवणूक नाही. बहिणीचं गुपित तुझं नाही, म्हणून ते तू सांगत नाहीस. आणि जे तुझं म्हणणं आहे ते तू लपवत नाहीस. दोन्ही फोन घेताना तुझा आवाज तोच राहील.

आत्याचा निकाह कराचीत लागला असेल, तर तिच्या ट्रंकेतही तोच छापील फॉर्म असणार. बहिणीला सांग, तो आईकडून मागून घे आणि तिच्यासमोर बसून वाच, तेराव्या रकान्यापासून. त्या कागदावरून मायलेकींचं बोलणं सुरू होऊ शकेल, आणि त्यात अजून कुणाचंच नाव यायची गरज नाही.

पण त्याआधी आतेभावाला फोन. ईद जवळ आली की मंडप, कपडे, पाहुणे यांत कुणाला थांबून ऐकायला वेळ राहत नाही, आणि एकदा बयाणे दिले गेले की मोडणं आणखी अवघड. तेव्हा या आठवड्यातच कर. काय झालं ते मला कळव. सदरात छापायचं नसेल तर पत्रावर वर तसं लिही.

तुझी,
ताई